समितीत जाऊ, की आधी कार्ड हातात पडू दे?

पत्रातला प्रश्न थोडक्यात: वाचक ३३ वर्षांच्या आहेत, लग्नानंतर कॅलिफोर्नियात आल्या. तिथल्या सुतारांच्या युनियनमध्ये त्यांचं अप्रेंटिसशिपचं, म्हणजे पगारावर काम शिकण्याचं, तिसरं वर्ष चालू आहे. चार वर्षं पुरी झाली की जर्नीमनचं, म्हणजे पूर्ण शिकलेल्या सुताराचं, कार्ड आणि पूर्ण दर. साइटवर त्या एकट्याच बाई. त्यांच्या लोकलमधल्या (युनियनच्या स्थानिक शाखेतल्या) दोन अनुभवी सुतार बायकांनी महिला समिती काढायचं ठरवलंय आणि पहिल्या बैठकीला यांना बोलावलंय. नवरा म्हणतो, "डोकं खाली घालून काम कर, कार्ड मिळू दे, मग काय ते बघ." या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या एक बाई म्हणतात, "मला कधी समिती लागली नाही." वाचकांनाही वाटतं की युनियन सगळ्यांची आहे, कायदे आहेत, मग बायकांची वेगळी चूल कशाला? आधीच उच्चारांवरून लोक वळून बघतात, त्यात आणखी एक शिक्का नको. फोरमन चांगला वागतो. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय की गेले सात महिने ड्रायवॉलच्या (भिंतींना लावायच्या जिप्समच्या) शीट वाहणं, साफसफाई आणि फायर वॉच (आग लागू नये म्हणून पहारा) यांपलीकडे फारसं काही हाती आलेलं नाही.

नमस्कार,

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण पत्रातला खरा प्रश्न तिथे आहे. "काम चांगलं केलं की बाकीचं आपोआप होतं" या भरवशावर तुम्ही आणि तुमचे यजमान दोघंही आहात. पण काम चांगलं करायला ते आधी हाती यावं लागतं. तिसऱ्या वर्षाच्या अप्रेंटिसच्या हातात ले-आउट (भिंती-दारं कुठे येणार त्याच्या रेघा जागेवर आखणं) हवा, मेटल स्टडची फ्रेमिंग (भिंतीचा लोखंडी सांगाडा उभा करणं) हवी, दारं बसवणं हवं, काँक्रीटच्या फॉर्मवर्कमध्ये (साच्यांत) नकाशा वाचून मापं टाकणं हवं. तुमचा दर जर्नीमनच्या दराच्या टक्क्यांत ठरतो आणि टप्प्याटप्प्याने चढतो. दर चढत गेला आणि हात शीट वाहण्यातच राहिला, तर चौथ्या वर्षी तुम्ही कंत्राटदाराला महाग पडता. काम आटलं की पहिला हिशेब अशाच माणसाचा होतो. डोकं खाली घालून मिळालेलं कार्ड खरं असतं, पण पुढच्या साइटवर पहिल्याच दिवशी कुणीतरी रेघा आखायचा लेझर हातात देतं आणि "हा कॉरिडॉर आखून दे" म्हणतं.

फोरमन चांगला वागतो, यावर माझा विश्वास आहे. चांगला वागूनही तो तुम्हाला शीटच वाहायला लावू शकतो. त्याच्या डोक्यावर वेळापत्रक असतं, म्हणून काल ज्याने ले-आउट केला त्यालाच आज तो देतो. दुष्टावा नसतो, सवय असते. सवयीविरुद्ध एकट्याने तक्रार करणं अवघड जातं, कारण बोट दाखवायला कुणी गुन्हेगारच नसतो.

आता "वेगळी चूल" या शंकेकडे येऊ. या युनियनचा इतिहास पाहिला तर चूल आधी कुणी वेगळी केली, ते दिसतं. युनायटेड ब्रदरहूड ऑफ कार्पेंटर्स अँड जॉइनर्स ऑफ अमेरिका १८८१ साली शिकागोत स्थापन झाली. पीटर मॅग्वायर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढची जवळजवळ शंभर वर्षं बांधकामावरच्या सुतारकामात बाई म्हणजे अपवाद होता. अप्रेंटिसशिपमध्ये शिरायचं तर बहुधा बाप, काका, मामा आधीपासून आत असावा लागे. बऱ्याच ठिकाणी वयाची वरची मर्यादाही होती. संसार आणि मुलं थोडी मार्गी लावून तिशीच्या आसपास येणाऱ्या बाईसाठी ती मर्यादा म्हणजे बंद दार होतं. तुम्ही आज ३३ व्या वर्षी तिसऱ्या वर्षात आहात, हे तेव्हा अनेक ठिकाणी शक्यच झालं नसतं. दुसऱ्या महायुद्धात बायका जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये मोठ्या संख्येने आल्या आणि युद्ध संपताच तितक्याच झपाट्याने बाहेर काढल्या गेल्या.

दार उघडलं ते १९७० च्या दशकात, तेही मुख्यतः युनियनच्या बाहेरून. सरकारी पैशाच्या बांधकामांवर भेदभाव नको, हा राष्ट्राध्यक्षांचा आदेश १९६५ चा आहे. त्यात 'स्त्री-पुरुष' हा मुद्दा १९६७ साली आला. पण बांधकामावर त्याची अंमलबजावणी होईना, म्हणून महिला संघटनांनी १९७६ मध्ये थेट अमेरिकेच्या कामगार खात्यालाच कोर्टात खेचलं. त्यातून १९७८ चे नियम आले. सरकारी पैशाच्या कामावर एकूण तासांपैकी बायकांचे तास पहिल्या वर्षी ३.१ टक्के, दुसऱ्या वर्षी ५ आणि तिसऱ्या वर्षी ६.९ टक्के व्हावेत, असं उद्दिष्ट ठरलं. याच सुमारास बायकांनी आपल्या संघटना उभ्या केल्या: न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली 'नॉनट्रॅडिशनल एम्प्लॉयमेंट फॉर विमेन', तुमच्या कॅलिफोर्नियात १९७९ साली 'ट्रेड्सविमेन', शिकागोत १९८१ साली 'शिकागो विमेन इन ट्रेड्स'. एकेका साइटवर एकेकट्या असलेल्या सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर बायका इथे संध्याकाळी भेटत, आणि इथून बळ घेऊन आपापल्या लोकलमध्ये समित्यांसाठी उभ्या राहत.

त्या नियमांमधल्या दोन ओळी मला टक्केवारीपेक्षा मोलाच्या वाटतात. शक्य असेल तिथे एका प्रकल्पावर दोन किंवा अधिक बायका नेमाव्यात, ही एक. स्वच्छतागृह वेगळं किंवा एका वेळी एकानेच वापरायचं असावं आणि कपडे बदलायला आडोसा असावा, ही दुसरी. साइटवर एकटं पडण्याचा त्रास ज्यांनी भोगला, त्यांच्याच अनुभवाची ही भाषा आहे.

मग अडलं कुठे? १९८० च्या दशकात तपासणी ढिली पडली आणि कंत्राटदारांनी पळवाटा काढल्या. तीच बाई आज या साइटवर, उद्या त्या साइटवर, जिथे तपासनीस येणार तिथे उभी करायची. याला तिकडे 'चेकरबोर्डिंग' म्हणतात. केवळ आकडा भरण्यासाठी अशी बदली करणं हा नियमभंग आहे, असं त्याच नियमांत लिहिलेलं होतं, तरी हे चालायचं. ६.९ चा आकडा देशभरात कधीच गाठला गेला नाही. आजही अमेरिकेत शंभर सुतारांमागे बायका जेमतेम तीन-चार. आणि तो १९६५ चा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला.

म्हणून "कायदे आहेत" या तुमच्या भरवशाचा एक मोठा खांब आता उरलेला नाही. कॅलिफोर्नियात तर १९९६ च्या प्रपोझिशन २०९ नुसार (मतदारांनी थेट मंजूर केलेला कायदा) सरकारी कंत्राटांत स्त्री म्हणून प्राधान्य देता येत नाही. तिथे केंद्राचा तो आदेश हीच काठी होती. भेदभाव आणि छळाविरुद्धचे कायदे शाबूत आहेत, सुरक्षिततेचे नियम आहेत, गरोदरपणासंबंधीचे कायदे उलट पूर्वीपेक्षा बळकट आहेत. पण साइटवर तुम्हाला ले-आउट शिकवला जाईल का, हे यांतला कुठलाच कायदा ठरवत नाही. ते ठरतं युनियन आणि कंत्राटदार यांच्यातल्या करारात, आणि अप्रेंटिसशिप चालवणाऱ्या संयुक्त समितीत. त्या दोन्ही ठिकाणी तुमच्या वतीने बोलणारं कुणीतरी असायला हवं. महिला समितीचं काम हेच, निदान असायला हवं.

"असायला हवं" असं म्हणण्याला कारण आहे. समित्या दोन प्रकारच्या असतात. तुमच्या युनियनमध्ये 'सिस्टर्स इन द ब्रदरहूड' या नावाने बायकांच्या समित्या बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यांतल्या काही शाळा-कॉलेजांत जाऊन नव्या मुलींना धंद्याची ओळख करून देतात, नवीन अप्रेंटिसला जुनीची सोबत जोडून देतात. हे उपयोगाचं आहे. पण जी समिती फक्त भरतीचे स्टॉल लावते, टी-शर्ट छापते आणि मिरवणुकीत पुढे चालते, ती नव्या बायका आत आणते आणि गळती तशीच ठेवते. पहिल्या बैठकीत तुम्ही एवढंच विचारा: "आपण कुणाकडे, काय मागणार आहोत?" उत्तर मिळालं नाही तर समिती टाळू नका, उत्तर तयार करायला मदत करा.

"कुणाकडे" हा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक नव्या समित्या इथेच फसतात. १९९० च्या दशकापासून या युनियनमध्ये सत्ता लोकलकडून रीजनल कौन्सिलकडे, म्हणजे अनेक लोकलच्या वरच्या प्रादेशिक मंडळाकडे, सरकली. करार कौन्सिल करते. बिझनेस एजंट (साइटवर युनियनचं काम बघणारे अधिकारी) सहसा कौन्सिलचे पगारी असतात आणि त्यांची नेमणूक तिच्या कार्यकारी सचिवांच्या हातात असते. लोकलच्या बैठकीत टाळ्या घेऊन मंजूर झालेला ठराव डेलिगेटने (लोकलच्या प्रतिनिधीने) कौन्सिलमध्ये नेला नाही, तर तो इतिवृत्तात पडून राहतो. अप्रेंटिसला कोणकोणतं काम मिळालं पाहिजे, हा विषय तर थेट लोकलचा किंवा कौन्सिलचा नाही. तो प्रशिक्षणाच्या संयुक्त समितीचा आहे. तिच्यात कंत्राटदारांचे आणि युनियनचे प्रतिनिधी एकत्र बसतात आणि तिच्यावर राज्याच्या अप्रेंटिसशिप विभागाची देखरेख असते. म्हणून प्रत्येक मागणीसमोर आधी पत्ता लिहा.

मागण्या निवडताना एक हिशेब ठेवा: मतदान करणारे शंभरात पंच्याण्णवहून जास्त पुरुष असतील. "बायकांना ले-आउट द्या" ही मागणी पडेल. कायद्याच्या दृष्टीनेही ती अडचणीची. "प्रत्येक अप्रेंटिसला दर सहा महिन्यांत किमान तीन प्रकारचं काम मिळालंच पाहिजे आणि नाही मिळालं तर ट्रेनिंग कोऑर्डिनेटरने साइट बदलून द्यावी" ही मागणी चालेल, कारण वर्षभर नुसत्या फॉर्मवर्कच्या फळ्या काढत बसलेले तरुण पुरुषही आहेत. हात तेच वर करतील.

स्वच्छतागृहाची मागणी आकड्यांनी मांडा. केंद्राचा नियम ढिला आहे: २० किंवा कमी कामगारांना एक, त्यापुढे, माणसं दोनशेच्या आत असतील तर, दर ४० जणांमागे एक संडास आणि एक मुतारी. कॅलिफोर्नियाचा नियम कडक आहे: दर २० जणांमागे, स्त्री आणि पुरुषांसाठी वेगवेगळं. पाचपेक्षा कमी माणसं असतील आणि आतून कडी लागत असेल तरच वेगळं नसलं तरी चालतं. म्हणजे बाईसाठी वेगळं स्वच्छतागृह हे तुमच्याकडे मागणं नाही, देणं आहे. बिघडतं ते पुढे. 'विमेन' अशी पाटी लागते, पण कुलूप नसतं, आणि आठवड्याभरात सगळेच ते वापरू लागतात. म्हणून मागणीत कुलूप, त्याची किल्ली कुणाकडे, आणि सफाई आठवड्यातून किती वेळा, हे लिहा.

हार्नेसचंही (उंचावर काम करताना अंगावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांचंही) तसंच. बांधकामावरची सुरक्षा साधनं प्रत्येकाला अंगाला नीट बसलीच पाहिजेत, हा केंद्राचा स्पष्ट नियम १३ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. तुमचा हार्नेस आजच तपासा. पाठीवरची डी-रिंग (दोर अडकवायची कडी) दोन खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध आली पाहिजे, छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर, आणि मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जाईल पण मूठ जाणार नाही इतका ताण. मोठ्या मापाचा हार्नेस आवळून वापरला की पट्ट्यांची टोकं लोंबतात आणि डी-रिंग एका बाजूला सरकते. पडल्यावर झटका चुकीच्या जागी बसतो. लहान मापाचा मागा, लेखी मागा.

गरोदरपण हा विषय तुम्ही पत्रात काढलेला नाही, पण तुमचं वय पाहता बोलायला हवं. कॅलिफोर्नियात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या कुठल्याही मालकाकडे गरोदरपणातल्या असमर्थतेसाठी चार महिन्यांपर्यंत रजा मिळते आणि तिला 'इतके महिने नोकरी झालेली हवी' अशी अट नाही. साइट बदलत राहणाऱ्या सुतारासाठी ही मोठी गोष्ट आहे. राज्याच्या विम्यातून साधारणतः बाळंतपणाआधी चार आणि नंतर सहा आठवडे पैसे मिळतात, सिझेरियन असेल तर नंतरचे आठ. शिवाय जून २०२३ पासून, १५ किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने गरोदर बाईला कामात वाजवी सवलती देणं केंद्राच्या कायद्यानेही बंधनकारक आहे.

पण युनियनमधल्या बाईला फटका बसतो तो भलतीकडूनच, आरोग्य विम्यात. तुमचा विमा तासांवर चालतो. कंत्राटदार दर तासामागे पैसे भरतो, जास्तीचे तास तुमच्या नावावर साठतात, आणि काम थांबलं की दर महिन्याला त्या साठ्यातून तास वजा होतात. सहाव्या महिन्यात शिडीवर चढणं थांबवलं तर ऐन बाळंतपणात साठा संपू शकतो. आयर्नवर्कर्स युनियनने २०१७ मध्ये बाळंतपणापूर्वी सहा महिन्यांपर्यंत आणि नंतर सहा ते आठ आठवडे पगारी रजा सुरू केली. लोखंडी तुळयांवर चढणाऱ्यांना हे जमलं, तर सुतारांच्या कौन्सिलकडे निदान "रजेत तासांचा साठा गोठवा" एवढं मागायला हरकत नाही. ही मागणी विमा निधीच्या विश्वस्तांकडे जाते, हेही लिहून ठेवा.

तीस वर्षं काढलेल्या बाईंना मोडीत काढू नका. त्यांना जे साधलं ते सोपं नव्हतं. मात्र त्यांच्याबरोबर सुरुवात करून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडून गेलेल्या बायका आज लोकलच्या बैठकीत बोलायला नाहीत, म्हणून फक्त टिकलेल्यांचाच अनुभव आपल्या कानावर येतो. त्यांना विचारा: ले-आउट पहिल्यांदा कुणी शिकवला? तुमच्या बॅचच्या किती जणी कार्डापर्यंत पोचल्या? बहुधा एखाद्या भल्या जर्नीमनचं नाव निघेल. तसा माणूस प्रत्येकीच्या नशिबी येत नाही, म्हणून नियम हवा. हे त्यांच्याच तोंडून बैठकीत आलं तर दहा भाषणांचं काम होईल.

जोखमीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. सहकाऱ्यांबरोबर मिळून कामाच्या अटींबद्दल बोलणं कायद्याने संरक्षित आहे. युनियनच्या बैठकीत मत मांडायचा सदस्याचा हक्क १९५९ च्या कायद्यात आहे. तरीही "काम कमी झालं" असं म्हणून कमी केलेल्या अप्रेंटिसला सूड सिद्ध करणं जड जातं. त्यातून फोरमनही त्याच लोकलचा सदस्य असतो आणि त्याच खोलीत मागच्या खुर्चीवर बसलेला असू शकतो. म्हणून कामं वाटून घ्या. माइकवर कार्डधारक बायका बोलतील, ठरावही त्याच मांडतील. तुम्ही अध्यक्ष होऊ नका. अप्रेंटिसला पद घेता येतं का, मत देता येतं का, ते लोकलच्या बायलॉजमध्ये (नियमावलीत) आधी पाहून घ्या. तुमच्यासाठी योग्य काम म्हणजे आकडे आणि नोंदी. तिथे उच्चार कुणी ऐकत नाही. एक मात्र बघा: पत्रक इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही निघू दे. कॅलिफोर्नियाच्या साइटवर स्पॅनिश बोलणारे सुतार इतके आहेत की एकाच भाषेतलं पत्रक म्हणजे अर्ध्या खोलीला पाठ दाखवणं.

नोंदींची सुरुवात स्वतःपासून, आणि बैठकीची वाट न बघता. लहान वही घ्या: तारीख, साइट, काम, किती तास, कुणी शिकवलं. प्रशिक्षणाकडे जाणाऱ्या मासिक तासांच्या फॉर्मवर शीट वाहणं आणि शीट बसवणं दोन्ही बहुधा 'ड्रायवॉल' याच रकान्यात पडतं. त्यामुळे कागदावर तुम्ही सात महिने ड्रायवॉल शिकताय. शेऱ्यात "फक्त वाहतूक, १२० तास" असं लिहायला लागा. मग फोरमनला, सगळ्यांसमोर नव्हे, सकाळी काम सुरू होण्याआधी सांगा: "पुढच्या सोमवारपासून रोज दोन तास मला ले-आउटवाल्यांबरोबर द्या, शीट मी उरलेल्या वेळात पुऱ्या करते." नेमकी मागणी मान्य करणं त्यालाही सोपं जातं. दोन आठवड्यांत काही हललं नाही तर स्टुअर्डला (साइटवरच्या युनियन प्रतिनिधीला) सांगा, आणि त्याच दिवशी ट्रेनिंग कोऑर्डिनेटरला ईमेल करा. नुसतं तोंडी बोलणं पुढे कुणाला आठवत नाही.

समितीचा पहिला ठराव एकच असू दे आणि एका वाक्यात मावणारा. उदाहरणार्थ: "लोकलच्या मासिक बैठकीत महिला समितीच्या अहवालासाठी कायमचा वेळ द्यावा आणि अप्रेंटिस कोणत्या वर्षी किती आले, किती गळाले, किती पूर्ण झाले याचे स्त्री-पुरुषवार आकडे नावांविना समितीला मिळावेत, अशी विनंती आमच्या डेलिगेटनी कौन्सिलकडे करावी." ठराव आधी लेखी द्या, अनुमोदक आधी ठरवा, निम्मे तरी पुरुष सोबत आणा. हजारो सदस्यांच्या लोकलमध्येही मासिक बैठकीला माणसं थोडीच असतात. ठरवून आलेले पंधरा जण तिथे भारी पडतात. कराराची प्रत नसेल तर मागून घ्या, सदस्याला ती मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. तिच्यात तक्रारीची मुदत पाहा, ती कधी कधी अगदी थोड्या दिवसांची असते. कामगार संबंध मंडळाकडे जायला सहा महिने, भेदभावाची तक्रार केंद्राच्या आयोगाकडे करायला तुमच्या राज्यात ३०० दिवस, आणि राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तीन वर्षं मिळतात.

तेव्हा बैठकीला जा, वही घेऊन जा. यजमानांनाही ती दाखवा. कोऑर्डिनेटरचं उत्तर महिनाभरात आलं नाही तर तोच ईमेल पुन्हा पाठवा आणि या वेळी प्रत संयुक्त प्रशिक्षण समितीला द्या. त्यानंतरही काही झालं नाही, तर राज्याच्या अप्रेंटिसशिप विभागाकडे लेखी तक्रार करता येते. ती तुमच्या एकटीच्या नावाने करायची की समितीमार्फत, ते त्या दोघी अनुभवी बायकांशी बोलून ठरवा.